वजनापुरता एक ओंडका

१

जुना ट्रक बघायला गेलं, की तेइजी कुराहाशी आधी ट्रककडे बघतच नसत. आधी त्याच्याखालची जमीन बघत. तेल गळत असेल तर मालक सांगत नाही, जमीन सांगते. मग वाकून स्प्रिंगचे पाटे, चासी, चाकांच्या आतल्या बाजू, आणि सगळ्यात शेवटी रंग. रंग हा ट्रकचा भाग नसतो, मालकाच्या बोलण्याचा भाग असतो, असं त्यांचं मत होतं.

जन्मभर त्यांनी विद्यापीठात लाकडाच्या पेशी तपासल्या होत्या. पडलेल्या देवळाच्या खांबाची काडीएवढी ढलपी दिली तरी झाड कोणतं ते सांगत. सत्तरीत ट्रक पारखायची वेळ आली ती जावयामुळे. मुलगी नाओए आणि जावई शुहेई ओसाका सोडून डोंगरात राहायला आले होते. तेइजींच्या दिवंगत पत्नीच्या माहेरचं देवदाराचं जंगल तोडायचं, विकायचं, पुन्हा लावायचं आणि त्यावर जगायचं, असा त्यांचा बेत. झाडं तोडून झाली होती, उतारावर आडवी पडली होती. मोठा ट्रक त्या अरुंद वाटेला वळत नाही, म्हणून छोटाच हवा होता, मागे क्रेन असलेला. बर्फ पडायच्या आत तो मिळाला नाही, तर नव्या वर्षी शुहेई ओसाकाच्या गोदामात कामाला जाणार होता. त्याच्याबरोबर नाओए जाणार, आणि तिच्या पोटातलं बाळही.

घाटापलीकडच्या खोऱ्यातला हा तिसरा ट्रक. पहिले दोन तेइजींनी नाकारले होते. मालकीण कानो तोयोसे साठीची, बारीक अंगाची. तिने शेडचं दार सरकवलं आणि स्वतः बाजूला उभी राहिली. फिकट हिरवा, दोन टनी, नीट ठेवलेला ट्रक. खालची जमीन कोरडी. पाटे सरळ.

हौद्यात एक ओंडका होता. एकच, मधोमध, साखळीने बांधलेला.

“तो ट्रकबरोबरच येईल,” कानोबाई म्हणाली. “थंडीत मागच्या चाकांवर वजन लागतं.”

यात खोटं काही नव्हतं. रिकामा ट्रक बर्फावर मागून घसरतो, म्हणून लोक वाळूची पोती ठेवतात, दगड ठेवतात. ओंडका का नको? शुहेईने मान डोलावली आणि तो इंजिनाकडे वळला.

तेइजी मात्र ओंडक्याच्या तोंडाशी थांबले. या डोंगरात कुणाचाही ओंडका असो, कापल्याबरोबर त्याच्या तोंडावर मालकाच्या हातोडीचा शिक्का बसतो. याच्यावर नव्हता. आणि साखळी जिथे सालीवर टेकत होती तिथे खाली कापडाच्या घड्या सारलेल्या होत्या. दिवाणखान्यात लावायचे तासलेले खांब नेताना असं करतात. सालीसकटच्या ओबडधोबड ओंडक्याला गादी कशाला?

कापड जुनं होतं, पण धुतलेलं. त्याला साबणाचा वास येत होता.

२

“साबणाचा वास,” नाओए म्हणाली. “बाबा, म्हणजे आता ट्रक स्वच्छ आहे हाही त्याचा दोष?”

चहात शिजवलेल्या पेजेच्या वाट्या पुढे होत्या. शुहेई हसू दाबत होता. तेइजींनी समजावून सांगायचा प्रयत्न केला, की संशय एका गोष्टीचा नसतो, गोष्टी एकमेकींना कशा लागून आहेत त्याचा असतो. सांगता सांगता त्यांनाच ते पोकळ वाटलं. नाओएने मान हलवली. म्हणाली, तुम्ही मुळा घेतानासुद्धा प्रबंध लिहिता, आणि तोवर दुकान बंद होतं.

तिचा राग उगाच नव्हता. तेइजींनी नाकारलेला पहिला ट्रक शेजारच्या सेकिनेने घेतला होता आणि तो झकास चालत होता. सेकिने रोज त्यांच्या दारावरून जाताना मुद्दाम हॉर्न वाजवी. पंधरवड्यामागे गावाने डोंगरदेवीचा दिवस पाळला. त्या दिवशी देवी आपली झाडं मोजते, म्हणून कुणी जंगलात पाय ठेवत नाही. ती दिसायला कुरूप. आपल्याहून कुरूप कुणी दिसलं की खूश होते, म्हणून तिला वाळवलेला वेडावाकडा मासा दाखवतात. तिथेही सेकिने सगळ्यांदेखत म्हणाला होता, “पुढच्या वर्षी मासा आणायला नको. गुरुजींना उभं करू. ते तिच्यातही खोट काढतील.”

सगळे हसले होते. तेइजीही हसले होते, कारण न हसणं आणखी वाईट दिसलं असतं.

रात्री अंथरुणावर त्यांनी स्वतःची उलटतपासणी घेतली. पोरं राहावीत असं मला वाटतं, म्हणून मी या ट्रकमध्ये चांगलं शोधीन. ट्रक फसवा निघाला तर ती बुडतील आणि निघून जातील ही भीती आहे, म्हणून वाईटही शोधीन. मग माझ्या डोळ्याला जे दिसलं त्यातलं ट्रकचं किती आणि माझं किती? आयुष्यभर त्यांनी विद्यार्थ्यांना शिकवलं होतं, की नमुना हातात घ्यायच्या आधी हात धुवा. मनाचे हात कसे धुवायचे ते कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कानोबाईचा फोन आला. पक्कं करायला रविवारी या, त्या दिवशी सगळे घरीच असतात, असं तिने सांगितलं. शुहेई खूश झाला. तेइजींच्या मनात आलं, सगळे घरी असले काय नि नसले काय, ट्रक विकायला साक्षीदार कशाला लागतात?

३

रविवारी घाट उतरताना त्यांना चुकल्यासारखं वाटत राहिलं. काय चुकतंय ते गाव लागल्यावर कळलं. करवतीचा आवाज नव्हता. स्वच्छ ऊन पडलेलं, लाकूडतोडीचे ऐन दिवस, आणि सगळं खोरं गप्प. बाप्ये सकाळी दहाला ओसरीवर बसून साके पीत होते. गाडी पुढून गेली तसे सगळे एकदम वळून बघू लागले. तेइजींना वाटलं, मासा गळाला लागला म्हणून बघताहेत.

शुहेई अंगावर जुने कपडे चढवून ट्रकखाली शिरला. तेइजींनी खिशातलं भिंग काढलं.

ओंडक्याचं तोंड फिकट होतं, ताजं. फोनवर बाई म्हणाली होती ओंडका वर्षापूर्वीचा आहे. वर्षभर पडून राहिलेल्या ओंडक्याच्या तोंडावर भेगा पडतातच, आधी पांढरं लाकूड आटतं, मग गाभा, मग मधून चीर जाते. इथे एकही भेग नव्हती. त्यांनी भिंग जवळ नेलं. देवदार नव्हता. या डोंगरातलं दुसरं नेहमीचं झाड हिनोकी, तेही नव्हतं. रुंद पानांच्या झाडाला असतात ती भोकं नव्हती, आणि सूचिपर्णी झाडाच्या पेशींची सरळ शिस्तही नव्हती. वलयं होती, पण ती एका वर्षाने दुसऱ्या वर्षाभोवती घातलेली वाटत नव्हती.

त्यांनी भिंग पुसलं. पुन्हा पाहिलं. मग दोष डोळ्यांना दिला. मोतीबिंदूची तपासणी त्यांनी दोनदा पुढे ढकलली होती.

“आत या, गार लागेल,” मागून कानोबाई म्हणाली. ती कधीपासून उभी होती कोण जाणे.

तिची खोली शेडला लागूनच होती, मध्ये एक फळ्यांची भिंत. बुटक्या मेजाखाली शेगडी, वर रजई टाकलेली, तिच्याभोवती बसायच्या दोन उशा, दोन्ही बसून बसून दबलेल्या. चहा कडक होता. तेइजी भिंतीकडच्या उशीवर बसणार, तोच तिने हाताने दुसरी दाखवली.

त्यांनी तिच्या नवऱ्याबद्दल विचारलं. ट्रक त्याचाच. गेन्या नाव.

“गेल्या वर्षी डोंगरात गेले,” ती म्हणाली. “ट्रक खाली आला.”

एवढंच. भिंतीपलीकडे कट् असा आवाज झाला. लाकूड सुकताना तडकतं. त्यावर तेइजींनी एके काळी तासभर बोलून मुलांना झोपवलं होतं. पण तडकलेल्या लाकडाला भेग पडते, आणि भेग तर नव्हती. पुन्हा आवाज आला, यावेळी लांबट, कुशीवर वळताना खाट करते तसा. शुहेई ट्रक हलवत असेल, असं त्यांनी ठरवलं.

आणि मग एकदम त्यांना सगळं उलगडलं. उलगडलं म्हणजे निदान तसं वाटलं. नवरा डोंगरात गेला, ट्रक खाली आला. हा अपघाताचा ट्रक आहे. दरीत गेला असणार, चासी मध्ये तुटली असणार, ती जोडून वर रंग दिला. आणि जोड जिथे दिसेल नेमका तिथे, हौद्याच्या मधोमध, तो ओंडका आहे. कापडाच्या घड्या त्यासाठीच. त्यांना भीती वाटण्याऐवजी जवळजवळ आनंद झाला. वेड लागलं नव्हतं, फसवणूक होती.

४

ओंडका उतरवा, असं त्यांनी सांगितलं तेव्हा बाईचा चेहरा पडला. ती म्हणाली ट्रक तसाच न्या, ओंडका हौद्यातच राहू दे, त्याला हलवायची गरज नाही. ती जितकं नको म्हणाली तितका तेइजींचा आवाज मऊ आणि पक्का होत गेला. खालची फळी बघितल्याशिवाय व्यवहार नाही. शुहेई ओशाळून पायाने खडे उडवत होता.

शेवटी ती त्यांच्याकडे नीट बघत म्हणाली, “याआधी आलेल्यांना मी ट्रक दिला नाही. तुम्ही लाकडातले जाणकार आहात म्हणून बोलावलं. तुमच्या हातून वावगं होणार नाही.”

“होणार नाही,” तेइजी म्हणाले.

शुहेईने साखळी सोडली, ओंडक्याच्या पोटाखालून पट्टा घातला आणि रिमोट हातात घेऊन तो मागे सरला. क्रेनची दोरी ताणली. त्याची नजर वर आकड्यावर होती, तशी ती असायलाच हवी. ओंडका हौद्यातून सुटला.

आणि मधून वाकला.

फार नाही. पट्टा मध्यावर, आणि दोन्ही टोकं किंचित खाली लोंबली, एक जरा जास्त. झोपलेल्या माणसाला कंबरेखाली हात घालून उचलावं, तसा. साल ताणली गेली, तिच्यावर घडी पडली.

लाकूड वाकतं, हे तेइजी जाणत होते. ओलं असलं, बारीक असलं, लांब असलं तर. हे यांपैकी कसलंच नव्हतं.

“सावकाश,” कानोबाई पुढे झाली. तिने आपले हात त्या लोंबत्या टोकाखाली धरले. “कंबर दुखते त्यांची.”

शुहेईला इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नाही. त्याने हसून विचारलं, “काय म्हणाल्या काकू?” तिने हात तसेच खाली धरून ठेवले. ओंडका शेडच्या आत टेकूच्या लाकडी घोड्यांवर टेकला तेव्हा तो पुन्हा सरळ होता, इतर कुठल्याही ओंडक्यासारखा. तेइजींना स्वतःला विचारावंसं वाटलं, मी पाहिलं का? ते विचारायचं धाडस झालं नाही, कारण उत्तर माहीत होतं.

५

हौद्याची फळी अखंड होती. शुहेई खालून टॉर्च मारत प्रत्येक सांधा मोठ्याने सांगत होता. चासी सरळ, जोड नाही, गंज नाही. इतका निरोगी जुना ट्रक त्याने पाहिला नव्हता.

“बाबा, आता तरी?” तो बाहेर येत म्हणाला. त्याच्या कपाळाला ग्रीस लागलं होतं. चेहऱ्यावर तो भाव होता, जो तेइजींनी फक्त त्याच्या लग्नात पाहिला होता. “नाओएला कळवू का?”

तेइजींकडे नाही म्हणायला एकही कारण उरलं नव्हतं. होतं ते तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. ओंडका वाकला म्हणून ट्रक नको, असं म्हणालो तर नाओए हसणारही नाही. ती मला डॉक्टरकडे नेईल आणि मग सामान बांधायला घेईल. त्यांना थोडा वेळ हवा होता. बाईशी एकट्याने बोलायला, कंबर दुखते म्हणजे कुणाची, ते विचारायला.

“चढावर बघून घे,” ते म्हणाले. “रिकामाच ने. जंगलात तो पहिला वळसा आहे ना, तिथपर्यंत. क्लच कसा धरतो बघ.”

दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. शुहेईने ट्रक बाहेर काढला, खिडकीतून हात हलवला, आणि फिकट हिरवा रंग देवदारांच्या सावलीत शिरून दिसेनासा झाला. ओसरीवरची माणसं उठून उभी राहिली होती. त्यांतल्या एकाने ओरडून काहीतरी सांगितलं. ते शब्द तेइजींपर्यंत पोहोचले नाहीत.

ते शेडमध्ये आले. कानोबाई घोड्यांशी गुडघ्यांवर बसून ओंडक्याच्या खाली कापड सारखं करत होती. मान वर न करता तिने विचारलं, जावईबापू कुठे गेले? इंजिन सुरू केलंय ना नुसतं?

चढावर पाठवलंय, असं तेइजींनी सांगितलं.

तिचे हात थांबले.

“आज?”

या खोऱ्यात डोंगरदेवीचा दिवस चंद्रावर धरतात. घाटाअलीकडे छापील कॅलेंडरावर. हे तेइजींना ठाऊक होतं. पत्नीनेच कधीतरी सांगितलं होतं, एका डोंगराच्या दोन बाजूंना देवी दोन वेगळ्या दिवशी येते याची त्यांनी तेव्हा थट्टाही केली होती. सकाळपासून गप्प असलेल्या करवती, ओसरीवरची माणसं, रविवारी सगळे घरीच असतात, सगळं त्यांच्या पुढ्यात होतं. त्यांनी प्रत्येक गोष्टीवर संशय घेतला होता, फक्त चुकीचा.

“तेही तुमच्याच बाजूचे, समुद्राकडचे,” कानोबाई म्हणाली. ती उठताना भिंतीला धरून उठली. “त्यांच्याकडे दिवस होऊन गेला होता. मी सांगितलं होतं. हसले. गावाने दोन दिवस शोधलं. ट्रक मात्र आधीच खाली आला होता, या शेडसमोर. कुणी आणला ते कुणी विचारलं नाही.”

“आणि ओंडका?”

“गुरुजी, हा ट्रक तेव्हापासून रिकामा खाली येत नाही.” तिने ओंडक्यावर हात ठेवला. “म्हणून ते त्यात असायचे. ते असले की तो रिकामा नसायचा. मी दोनदा खोऱ्याच्या पोरांना वर नेऊ दिला, दोन्ही वेळा सुखरूप आले.”

६

तेइजी पळाले. सत्तरीतला माणूस पळतो तसे पळाले. देवीच्या दिवशी वाट जिथे जंगलात शिरते तिथे दोन देवदारांच्या मध्ये गवताची दोरी बांधलेली असते. शुहेईच्या ट्रकने ती तोडली होती, तिचं एक टोक चिखलात पडलं होतं. ते तिच्यापाशी पोचले आणि पुढचं पाऊल टाकता येईना. भीती नव्हती ती, किंवा नुसती भीती नव्हती. आत झाडं उभी होती, इतकी गप्प, जशी मोजणी चालू असताना वर्गात मुलं उभी असावीत. आपण आत गेलो तर दोघांपैकी एक तरी सुटेल का, की दोघेही जातील, याचा हिशेब त्यांचं मन करू लागलं. तेवढ्या हिशेबात वेळ गेला.

त्यांनी हाक मारली. “शुहेई!”

वरून इंजिनाचा आवाज आला.

तेइजींनी हात वर केला, आणि तो तसाच ठेवून कान दिला. रिकामा ट्रक उताराला खडखडतो, त्याच्या हौद्याच्या कडेचे खुंटे नाचतात, साखळी फळीवर आपटते. गेल्या काही आठवड्यांत सेकिनेचा ट्रक त्यांनी रोज असा उतरताना ऐकला होता. हा खडखडत नव्हता. हा खालच्या गियरमध्ये दबून, कण्हत, सावकाश येत होता. पाट्यांचा आवाज येत होता, भार पेलणाऱ्या पाट्यांचा.

फिकट हिरवा रंग वळणावर आला. समोरच्या काचेत आकाश आणि झाडांचे शेंडे एवढंच होतं. ट्रक तुटलेल्या दोरीपाशी येऊन थांबला, इतका हळुवार की चाकाखालचा चिखलही उडाला नाही. चालकाच्या बाजूचं दार उघडं होतं, थांबताना ते जरासं हललं.

कानोबाई मागून येऊन पोचली होती. तिने त्यांना दंडाला धरून बाजूला केलं, चाकावर पाय ठेवून वर चढली आणि हौद्यात वाकून बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मग खाली उतरून तिने तेइजींना वाट दिली, जसं घरातल्या खोलीच्या दारातून पाहुण्याला आत सोडावं.

तेइजी चढले नाहीत. त्यांना खुंट्यांच्या मधून दिसत होतं तेवढं पुरे होतं. गोल, फिकट, ताजं तोंड. शिक्का नसलेलं. वरच्या कडेला, सालीला लागून, काळपट ग्रीसचा एक ओरखडा.

खिशात फोन वाजला. नाओए होती. ती थेट मुद्द्यावर आली. किती वेळ झाला, शुहेई फोन उचलत नाही, इथे सेकिने दारात उभा आहे, तुम्ही नाही म्हणालात तर तो ट्रक तोच घेतो म्हणतोय. तिच्या आवाजात थकवा होता, आणि थकव्याखाली एक आशा होती, जी तिने वडिलांना दिसू नये म्हणून लपवली होती.

“काय ठरलं बाबा?” ती म्हणाली. “एकदाच सांगा. घ्यायचा का?”

वारा सुटला होता. हौद्यात तो सालीवरून गेला, आणि तेइजींना वाटलं त्याला थंडी लागेल. त्यांनी अंगातला कोट काढायला सुरुवात केली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उत्तराचा विचार करावा लागला नाही.

“घ्यायचा,” ते म्हणाले.